सलमा आणि सालबर्डीचा गुलाबी जिवाणू

सलमा गेल्याचं कळलं तेव्हा मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला बसले होते. यंत्रावर अंगठा टेकवला की पेन्शन घेणारा माणूस अजून जिवंत आहे हे सरकारला कळतं, तो दाखला. माझा अंगठा काही यंत्र घेईना. खिडकीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, हात पुसून पुन्हा ठेवा," आणि तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. अकोल्याहून नाझनीन बोलत होती, सलमाची मुलगी; मला ती खाला, म्हणजे मावशी म्हणते. "शोभा खाला, अम्मी गेली... सकाळी. दुपारी नेणार आहेत. तुम्ही याल ना?" मी बडनेऱ्याला जाऊन मिळाली ती गाडी पकडली, तरी पोहोचेपर्यंत पुरुष मंडळी जनाजा घेऊन निघून गेली होती. घरात बायका बसल्या होत्या. त्यांनी सरकून मला जागा करून दिली. एका म्हातारीने हळूच विचारलं, ही कोण? नाझनीन म्हणाली, "अम्मीची सगळ्यात जुनी मैत्रीण." मला त्या सगळ्याजणींच्या तोंडाकडे बघवेना. मी चटईची वीण बघत बसले.

दहा-बारा दिवसांनी अमरावतीला आमच्या जुन्या महाविद्यालयात शोकसभा झाली. सलमाने तिथे चारच वर्षं शिकवलं होतं, तेही तासिका तत्त्वावर, पण तिच्या हाताखालून गेलेली मुलं आता मोठी झाली आहेत, ती जमली. एक जुने सहकारी बोलताना म्हणाले, "त्या काळात शोभाताईंनी सलमा मॅडमना फार सांभाळून घेतलं." लोकांनी माना डोलावल्या. मग मलाही बोलायला उभं केलं. मी म्हणाले, ती हुशार होती, कष्टाळू होती, तिला हवी तशी संधी मिळाली नाही... आणि खाली बसले. 'संधी मिळाली नाही.' जशी काही संधी म्हणजे पाऊस, पडला तर पडला. ती संधी कोणी घालवली हे त्या सभागृहात एकट्या मला माहीत होतं. तिथे जे बोलले नाही ते इथे लिहिते आहे. उशीर झाला आहे हे मला ठाऊक आहे.

सलमा अकोल्याची. जुन्या शहरात तिच्या वडिलांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. पाठीला लावून पिकावर औषध मारतात ते पंप. मी बडनेऱ्याची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. आम्ही एम.एस्सी.ला अमरावतीत भेटलो, सूक्ष्मजीवशास्त्राला, आणि वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहिलो. तिचं पहिलं जे आठवतं ते असं: प्रात्यक्षिकाच्या तासाला सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक काच ठेवली आणि प्रत्येकीला विचारलं, साखळीसारखे जिवाणू दिसतात का. आम्ही सगळ्या रांगेने "हो सर" म्हणत पुढे सरकलो. सलमाने दोन मिनिटं डोळा लावून पाहिलं आणि म्हणाली, "मले तर नुसते ठिपके दिसून राहिले सर." वर्ग हसला. सरांनी रागाने स्वतः पाहिलं. काच चुकीची होती. मी खोलीवर आल्यावर तिला म्हटलं, आम्हालाही ठिपकेच दिसले होते. तिने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "मंग तू काहून हो म्हनली वं?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण त्या एका प्रश्नात आम्हा दोघींमधला फरक पूर्ण आला होता.

पुढे दोघीही त्याच महाविद्यालयात लागलो. मी कायम झाले, ती तासिकेवर राहिली. तिचं लग्न अकोल्यातल्याच एका शिक्षकाशी झालं, नाझनीन झाली, आणि ती रोज अकोल्याहून गाडीने ये-जा करू लागली. मी तेव्हा पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. माझे मार्गदर्शक विभागाचे प्रमुख होते, सगळे त्यांना मोठे सर म्हणत. मोर्शीच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला सालबर्डी आहे. तिथल्या गरम झऱ्याच्या पाण्यात राहणारे उष्णताप्रेमी जिवाणू, हा माझा विषय. ज्या तापमानाला बाकीचे जिवाणू मरतात त्याच तापमानाला हे सुखाने वाढतात. तीन वर्षं मी त्या झऱ्याचं पाणी थर्मासमध्ये भरून आणत होते, आणि त्यात कोणकोण राहतं याची यादी करत होते.

एका उन्हाळ्यात सलमा माझ्यासोबत आली, थर्मास धरायला म्हणून. मी पाण्यात हात घालून बाटल्या भरत होते आणि ही झऱ्यापासून दोन हात दूर एका काळ्या दगडावर वाकून काहीतरी खरवडत होती. त्या दगडापर्यंत कधीकाळी पाणी येत असावं. आता तो कोरडा ठाक होता, त्याच्यावर हात ठेववत नव्हता. मी म्हटलं, "पाणी इकडे आहे, तू दगड काय खरवडतेस?" ती म्हणाली, "पान्यात तर कोनीबी राहीन. ह्या दगडावर जो राहते तो खरा." आणि खरवडलेली चिमूटभर पूड तिने रुमालाच्या टोकाला बांधून घेतली.

त्या पुडीतून तो आला. पन्नास अंशावर ठेवलेल्या प्लेटवर पाच दिवस काहीच नव्हतं, आणि सहाव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे गुलाबी ठिपके दिसू लागले, अगदी फिकट, पेरूच्या आतल्या गरासारखे. इतका रंगीत जिवाणू उन्हात टिकत असणार असं सलमाला वाटलं, म्हणून तिने प्लेट झाकण काढून अतिनील दिव्याखाली धरली. शेजारी नेहमीचा प्रयोगशाळेतला जिवाणू होता, तो मिनिटभरात संपला. गुलाबी संपला नाही. तिने वेळ वाढवला, पुन्हा वाढवला. तो जरा कमी झाला, पण उगवत राहिला. त्या दिवशी ती गाडी चुकवून माझ्या घरी राहिली आणि रात्रभर जेवता-जेवता, झोपता-झोपता एकच विषय.

मला तिने जे समजावलं ते मी नंतर अनेक वर्षं माझ्या विद्यार्थ्यांना माझंच म्हणून समजावलं. किरणोत्सर्ग जिवाणूच्या आतल्या जनुकांच्या धाग्याचे तुकडे करतो. बहुतेक जीव तिथेच मरतात. थोडे असे असतात की ते आपले तुकडे गोळा करून पुन्हा जसेच्या तसे जोडतात. पण निसर्गात एवढा किरणोत्सर्ग असतो कुठे? मग हे जोडकाम ते शिकले कशासाठी? तर कोरड्यासाठी. पाणी आटलं की अंगातलं सगळं सुकून तुटतं, आणि जो तुटलेलं जोडू शकतो तोच पुढच्या पाण्यापर्यंत टिकतो. "म्हंजे याले किरनांची सवय नाई," सलमा म्हणाली. "याले दुष्काळाची सवय हाय."

असे जिवाणू माणसाच्या काय उपयोगाचे, याची तिच्याकडे लांब यादी होती. अणुभट्टीतून निघणारं पाणी गरमही असतं आणि किरणोत्सर्गीही, तिथे दुसरा कुठलाच जीव टिकत नाही; हा टिकला तर त्यातले विषारी धातू पकडायला त्याला कामाला लावता येईल. याच्या अंगातली विकरं, म्हणजे एन्झाइम, गरम पाण्यात न बिघडता काम करतील, कारखान्यांना ती हवीच असतात. तुटलेली जनुकं हा कशी जोडतो हे कळलं तर डॉक्टरांनाही काही शिकता येईल. पण हे सगळं सांगून झालं की ती शेवटी एकाच ठिकाणी यायची, अब्बांच्या दुकानामागच्या नालीपाशी.

ती वर्षं कशी होती हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. कापसावर बोंडअळी, अळीवर औषध, औषधाने भागेना म्हणून आणखी जालीम औषध. वर्गातली मुलं अर्ध्या वर्षात यायची बंद व्हायची. सलमाच्या अब्बांचं दुकान मात्र त्या काळात कधी नव्हे एवढं चाललं. पंपांची रांग लागायची, आणि एकही पंप धुऊन आलेला नसायचा. अब्बा ते औषध नालीत ओतायचे, उघड्या हातांनी वायसर काढायचे. मी एकदा दुकानात गेले तेव्हा त्यांनी मला लांबच उभं केलं. "बेटी, वहीं ठहर. ये जहर है. धो के लाव बोलो तो कोई सुनता नहीं," असं म्हणाले आणि पुन्हा हात घातला. त्यांच्या बोटांना तेव्हाच कापरं भरायला लागलं होतं. दुकानामागची नाली उघडी होती, आणि तिच्या काठाला गवतसुद्धा उगवत नसे. असलं औषध खाऊन टाकणारे जिवाणू जगात होते, पण ते थंड प्रयोगशाळेतले. अकोल्याच्या मे महिन्यातल्या मातीत ते दोन दिवस टिकत नव्हते. सलमाचा हिशोब सरळ होता: जो टिकतो त्याला हे खायला शिकवता येईल का? "लोक मंगळावर जायच्या गोष्टी करतेत," ती म्हणायची. "मले त माह्या बापाची नाली साफ करायची हाय."

त्यात भारनियमन. दिवसातले कितीतरी तास वीज नसायची आणि पन्नास अंशाचं इन्क्युबेटर थंड पडायचं. तिने जिनिंगमधून रुई आणून एका लाकडी पेटीत गच्च भरली, मध्ये गरम पाण्याच्या बाटल्या आणि त्यांच्यामध्ये प्लेटा. वीज गेली की ती पेटी, वीज आली की इन्क्युबेटर. तास घेऊन आली की आधी पेटीत हात घालून पाहायची, ताप आलेल्या मुलाचं कपाळ पाहावं तसं. अब्बांच्या दुकानातलं धुतलेलं पाणीही तिने बाटलीत आणलं. त्या पाण्यात गुलाबी जिवाणू मरत नाही, एवढं तिच्या हाताला लागलं होतं. तो विष तोडतो की नुसता सोसतो, हे बघायचं राहिलं होतं.

खऱ्या किरणोत्सर्गाची परीक्षा अमरावतीत होणं शक्य नव्हतं. माझा एक मावसभाऊ मुंबईला होता, त्याच्या ओळखीने एका संस्थेत आम्ही दोन सीलबंद नळ्या पाठवल्या. त्यांच्यावर गॅमा किरणांचा मारा होऊन त्या परत आल्या. सलमाने एक उघडली आणि पेरली. सहाव्या दिवशी गुलाबी ठिपके. दुसरी तिने मुद्दाम न उघडता फ्रीजमध्ये ठेवली. कोणी म्हटलंच की तुझ्या हातून हवेतलं काही पडलं, तर त्यांच्यासमोर उघडायला. फ्रीजच्या कुलपाला दोन किल्ल्या होत्या. एक तिच्याकडे, एक माझ्याकडे.

आता पुढचं लिहायचं म्हणजे... पण लिहितेच. त्या दिवाळीच्या सुट्टीत विभाग रिकामा होता. सलमा अकोल्याला होती. माझा प्रबंध टाइप होऊन आला होता. त्यात तीन वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष होता की या झऱ्यात आणि त्याच्या परिसरात असे असे जिवाणू आहेत. आणि त्या यादीत गुलाबी जिवाणू नव्हता. 'परिसरात' हा शब्द मीच लिहिला होता. दगड मी कधी खरवडलाच नव्हता. एका सकाळी मी विभागात गेले, फ्रीज उघडला आणि ती दुसरी नळी काढली. मी तेव्हा मनाशी म्हणाले होते की सलमाला मदत म्हणून मी वेगळी पडताळणी करते आहे. खरं तर ते खोटं निघावं अशी माझी इच्छा होती. मी फार काळजीने काम केलं. बर्नरच्या ज्योतीजवळ नळी उघडली, प्लेटा पेरल्या, शेजारी काहीही न पेरलेल्या दोन प्लेटा ठेवल्या, हवेतून काही पडलं तर तिथेही दिसावं म्हणून. सहाव्या दिवशी पेरलेल्या सगळ्या प्लेटांवर गुलाबी ठिपके होते. न पेरलेल्या दोन्ही स्वच्छ होत्या. इतका निर्मळ प्रयोग मी माझ्या स्वतःच्या प्रबंधासाठीही केला नव्हता. मी प्लेटा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवल्या. सुट्टी संपली की सलमाला सांगू, असं ठरवलं. सुट्टी संपली. मी सांगितलं नाही.

कॉलेज उघडलं त्याच आठवड्यात बैठक होती. सलमाला याच विषयावर पीएच.डी.ला नाव नोंदवायचं होतं, प्रयोगशाळेत जागा हवी होती; विभागाने शिफारस करायची की नाही हे ठरणार होतं. प्राचार्य होते, बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते, मोठे सर होते. मोठ्या सरांनी तिचे कागद बाजूला सारले. "सलमा मॅडम, किरणांना न मरणारे जिवाणू असतात हे मला माहीत आहे. पण या झऱ्यावर शोभाने तीन वर्षं काम केलंय, तिला हा एकदाही दिसला नाही. तुम्हाला एका फेरीत दिसला. नळी उघडताना बाहेरचं काही पडलं असणार."

सलमा शांतपणे म्हणाली, "सर, दुसरी नळी फ्रीजमध्ये आहे. सील तसंच आहे. आत्ता तुमच्यासमोर उघडते."

ती उठून शेजारच्या खोलीत गेली. बाटल्या सरकवल्याचा आवाज येत राहिला. बराच वेळ येत राहिला. तज्ज्ञांनी घड्याळ पाहिलं. ती परत आली तेव्हा तिचे हात रिकामे होते. "नळी नाही तिथं," ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. किल्ल्या दोनच होत्या.

मोठे सर जरा हसले. "नळी नाही. बरं. शोभा, तू तर दिवसभर विभागात असतेस. तू यातलं काही पाहिलंस का?"

कपाट माझ्या पाठीमागे तीन पावलांवर होतं. उठून उघडलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणाले, "नाही सर. मी त्या कामात नव्हते."

सलमाने कागद गोळा केले, नीट एकावर एक लावले, आणि "येते सर," म्हणून गेली. सगळे गेल्यावर मी कपाटातल्या प्लेटा काढल्या आणि ऑटोक्लेव्हमध्ये टाकल्या. त्या यंत्रात दाबाखाली वाफ असते, पाण्याच्या उकळीपेक्षाही गरम. त्यातून काहीही वाचत नाही. दगडावरचं ऊन, दुष्काळ, गॅमा किरणं, सगळ्यातून जो जिवंत निघाला होता, तो माझ्या हातून पंधरा मिनिटांत मेला. प्लेटा वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. मी त्या कचऱ्यात टाकल्या, हात धुतले आणि बसने घरी गेले.

जूनमध्ये सलमाच्या तासिका पुढे चालू राहिल्या नाहीत. ती अकोल्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात लागली. माझी मौखिक परीक्षा झाली तेव्हा ती मुद्दाम गाडीने आली आणि मागच्या रांगेत बसली. बाहेरच्या परीक्षकांनी मला विचारलं, अशा ठिकाणी किरणप्रतिकारक जिवाणू सापडण्याची शक्यता असते, तुम्ही शोधलेत का? मी म्हणाले, "आढळले नाहीत." तिच्याकडे न बघता म्हणाले. नंतर ती पुढे आली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "मुबारक, डॉक्टरीनबाई." तिच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी तो शोधला. नव्हता.

मैत्री कशी तुटली नाही, हे मला आजही कळत नाही. ईदला ती डबा पाठवायची, नाझनीनच्या लग्नात तिने मला घरच्या बायकांत बसवलं. अब्बांच्या हातात पुढे पुढे पाना ठरेना. दुकान बंद झालं आणि काही वर्षांनी ते गेले. सलमाच्या कामाने ते वाचले असते असं मी म्हणणार नाही. तो जिवाणू विष तोडतो की नाही हे कोणालाच कळलं नाही. पण ते कळायची वाट मी बंद केली, एवढं खरं आहे. पुढे उष्णता आणि किरणं दोन्ही सोसणाऱ्या जिवाणूंवर इतरांचे निबंध माझ्या वाचनात येत गेले. मी ते वाचायची आणि पान उलटायची. विभागप्रमुख झाले, निवृत्त झाले, पाहुणी म्हणून भाषणं देत राहिले.

शेवटची भेट श्रावणात झाली. तिला कर्करोग झाला होता आणि ती शेक घेऊन आली होती. किरणोपचाराला आपल्याकडे शेकच म्हणतात. खाटेवर उशीला टेकून बसली होती, गळ्याची कातडी काळी पडली होती. नाझनीन चहा करायला आत गेली तेव्हा ती म्हणाली, "मशीनखाली पडलं की मले आपला गुलाबीच आठवते. त्याले म्या किती शेकलं होतं, बिचाऱ्याले." ती हसली, मीही हसल्यासारखं केलं. मग ती पंख्याकडे बघत अगदी साध्या आवाजात म्हणाली, "शोभे, त्या दुसऱ्या नळीत... वाढ आलती ना?"

तीस वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होते. मी म्हटलं, "आली होती."

"कितव्या दिवशी?"

"सहाव्या."

"माहीबी सहाव्याच दिवशी आलती. कंट्रोल ठेवलं होतं?"

"दोन कोऱ्या प्लेटा ठेवल्या होत्या. दोन्ही स्वच्छ होत्या."

तिने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला राग म्हणता येणार नाही, आणि क्षमाही म्हणता येणार नाही. एखाद्या हिशोबाचा ताळा जुळला की माणूस जसा सैल होतो तशी ती सैल झाली. मी रडायला लागले, काहीबाही बोलायला लागले. भीती, प्रबंध, मोठे सर. तिने हाताने मला थांबवलं. "ते राहू दे. माफीचं मले काही समजत नाई. मले फक्त तेवढंच पायजे होतं, का माहं बरोबर होतं का नाई." तेवढ्यात नाझनीन चहा घेऊन आली, आणि सलमा तिला म्हणाली, "खालाले बिस्किट दे." त्यानंतर आम्ही भेटलो नाही.

चाळिसाव्याला पुन्हा अकोल्याला गेले. जेवणं झाल्यावर नाझनीन मला गच्चीवर घेऊन गेली. तिथे पत्र्याचा एक काळा रंगवलेला डबा होता, आत थर्मामीटर लटकलेलं. "अम्मीचं मे महिन्यातलं इन्क्युबेटर," ती म्हणाली. "दर उन्हाळ्यात अकरावीच्या पोरींना इथं आणून गुलाबी उगवून दाखवायची. म्हणायची, पन्नास डिग्री अकोल्यात फुकट मिळते." मला हे माहीत नव्हतं. मग नाझनीनने खाली येऊन कपाटातून एक काचेची बाटली काढून दिली. आत टीपकागदाच्या पातळ पट्ट्या होत्या, सुकवलेल्या. नाव नाही, फक्त प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीने दगडाचं एक चित्र. विभाग सोडताना ती सगळं मागे ठेवून गेली असं मी समजत होते. तिने त्याला कागदावर वाळवून सोबत नेलं होतं. वाळणं त्याला येतच होतं. "अम्मी म्हणली होती, ही खालाला दे. काय करायचं ते खालाला कळते."

आमच्या विभागाची प्रमुख आता माझीच एक विद्यार्थिनी आहे. तिने मला इन्क्युबेटरमध्ये एक कप्पा दिला. मी एक पट्टी जिवाणू वाढवायच्या माध्यमात टाकली, शेजारी दोन कोऱ्या प्लेटा ठेवल्या आणि रोज रिक्षाने जाऊन पाहत राहिले. सहाव्या दिवशी तो आला. मी विभागातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला आणि तो कोणाचा आहे, आणि तेव्हा काय झालं होतं, ते तिथेच उभी राहून सांगितलं. एकीने खुर्ची पुढे केली, ती मी घेतली नाही.

देशात अशा जिवाणूंचा संग्रह जपणारी एक संस्था आहे, तिथे मी नमुना पाठवला. आता तो नवा राहिलेला नाही, जगाच्या दृष्टीने कदाचित फारसा महत्त्वाचाही नाही. पण पुढे कोणाला त्याला अब्बांच्या नालीतलं विष खायला घालून बघायचं असेल, तर तो तिथे असेल. सोबत एक अर्ज भरायचा असतो. कोणी शोधला: सलमाचं पूर्ण नाव लिहिलं. कुठून: सालबर्डी, झऱ्याबाहेरचा कोरडा दगड. दुसऱ्या कोणी पडताळणी केली असल्यास नाव आणि तारीख: माझं नाव लिहिलं, आणि त्या दिवाळीच्या सुट्टीतली सहाव्या दिवसाची तारीख.

मागच्या आठवड्यात त्या संस्थेतून एका मुलीचा फोन आला. आवाज तरुण होता, बोलणं अदबीचं. "मॅडम, पडताळणीची तारीख लिहिताना वर्ष चुकलंय का? हे तर तीस वर्षांपूर्वीचं आहे."

"वर्ष बरोबर आहे," मी म्हटलं.

"मग तेव्हाच कळवलं का नाही? आम्हाला कारण नोंदवावं लागतं."

"मी निकाल लपवला होता. माझा प्रबंध चुकीचा ठरेल म्हणून भ्यायले होते."

कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मॅडम, त्यासाठी अर्जात रकाना नाही. शेऱ्यात लिहू का?"

"लिहा," मी म्हणाले.